कोंबडीची पिवळी कातडी

पिवळ्या कातडीची कोंबडी अधिक चरबीची, असा गिऱ्हाइकाचा समज असतो. तो यथार्थ नव्हे. मका व हिरवा पाला यांतील पीतद्रव्य मेदात विरघळते. कातडीतील एक विकर ते मोडून टाकते, म्हणून कातडी पांढरी राहते. परंतु विशिष्ट सुप्त जनुक नर व मादी दोघांकडून आले, की कातडीत ते विकर फारसे निपजत नाही आणि पिवळेपणा टिकतो.

पाळीव कोंबडीचा पूर्वज एकटा लाल रानकोंबडा होय, असे डार्विनचे मत होते. हा पक्षी काशीच्या उत्तरेस तराईत नांदतो. पिवळ्या कातडीचे जनुक मात्र सह्याद्रीतही आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याचे, असे २००८ साली दिसून आले. खुराड्यातील संपत्तीचे मूळ असे रानात आहे. रान राखणे म्हणूनच अगत्याचे.