मैदानावर छप्पर असावें काय?

घर पाहावें बांधून, अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु जुनें घर दुरुस्तीस काढणें हें नवें घर बांधण्याहूनही अवघड असतें. नव्या घराचा पाया मनासारखा घालतां येतो. जुन्या घरावर मजला चढवावयाचा तर पहिल्या गवंड्याच्या हिशेबाबाहेर पाऊल टाकतां येत नाहीं. हें घर पाऊणलाख माणसें बसतील एवढें क्रीडागृह असलें आणि त्यावर छप्पर घालावें कीं नाहीं असा वाद पडला, तर स्थापत्य, हवामान, पैसा व लोकमत या चौघांचीही त्यांत गांठ पडते. अमेरिकेंतील कॅन्सस सिटी या शहरापुढें हा वाद सुमारें साठ वर्षें या ना त्या रूपानें उभा आहे, आणि त्याचा इतिहास कोणत्याही नागरिकास विचार करावयास लावील असा आहे.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून निराळा खेळ. त्यांतील चेंडू लांबट असून तो पायापेक्षां हातानेंच अधिक खेळविला जातो. व्यावसायिक संघांचा हंगाम सप्टेंबरांत सुरू होतो तो जानेवारीच्याही पुढें जातो. म्हणजे ऐन हिंवाळा त्यांत सांपडतो. मिसूरी राज्यांतील कॅन्सस सिटी समुद्रापासून फार दूर, खंडाच्या मध्यभागीं असल्यामुळें तेथील उन्हाळा कडक व थंडीही कडक. तेथील ‘चीफ्स’ या संघाचें ‘ॲरोहेड’ नांवाचें क्रीडागृह १९७२ सालीं उघडलें. तें संघाच्या मालकीचें नाहीं. आपल्याकडील जिल्ह्यासारखा जो जॅक्सन काउंटी हा विभाग, त्याच्या करदात्यांचें तें आहे, आणि संघ तेथें भाडेकरू आहे. पुढील सर्व कथेची किल्ली या एका गोष्टींत आहे.

त्या काळीं बहुतेक शहरें फुटबॉल आणि बेसबॉल या दोन खेळांसाठीं मिळून एकच वर्तुळाकार क्रीडागृह बांधीत. कॅन्सस सिटीनें शेजारीं शेजारीं दोन बांधण्याचें ठरविलें. १९६७ सालीं मतदारांनीं कर्जरोख्यांना संमति दिली. चार्ल्स डीटन या वास्तुविशारदाची मूळ कल्पना अशी कीं, दोन्ही मैदानांना मिळून एकच छप्पर असावें व तें रुळांवरून ढकलून हवें तेव्हां या मैदानावर, हवें तेव्हां त्या मैदानावर न्यावें. कल्पना चतुर होती. परंतु खर्चाचा आंकडा पाहून छप्पर गाळण्यांत आलें, आणि दोन्ही क्रीडागृहें उघडींच राहिलीं.

छप्पर एवढें महाग कां पडावें? प्रेक्षकांच्या सज्जांचे खांब माणसांचा भार खालीं जमिनींत पोंचविण्यासाठीं असतात. छपराचा भार निराळ्या जातीचा आहे. मध्यें एकही खांब न देतां शेंकडों फुटांचें अंतर ओलांडावयाचें असल्यामुळें पोलादी कैच्यांचें वजनच प्रचंड होतें. त्यावर बर्फ सांचतें तें खालीं दाबतें, आणि वादळी वारा छप्पर वर उचलूं पाहतो. म्हणजे छप्पर नुसतें तोलून धरावयाचें नसतें, तर जमिनीशीं बांधूनही ठेवावयाचें असतें. यास्तव जुन्या क्रीडागृहावर छप्पर घालणें म्हणजे बहुधा त्याभोंवतीं नवा पाया व नवे खांब उभे करणें होय. स्वस्त उपायांचेंही भय असतें. मिनिॲपोलिस येथील मेट्रोडोमचें छप्पर कापडाचें होतें; आंतील हवेचा दाब पंख्यांनीं किंचित् अधिक ठेवून तें फुग्यासारखें तोलून धरीत. १२ डिसेंबर २०१० रोजीं बर्फाच्या भारानें तें फाटून खालीं आलें. कोणास इजा झाली नाहीं हें सुदैव.

दुसरा अडसर गवताचा. तुळस घरांत आणून ठेवली तर ती कोमेजते, हें आपल्या घरांतील लहान मूलही जाणतें. ह्यूस्टन येथील ॲस्ट्रोडोम हें झांकलेलें विशाल क्रीडागृह १९६५ सालीं उघडलें, तेव्हां गवतासाठीं छपरांत प्रकाश येईल अशीं तावदानें बसविलीं होतीं. त्यांच्या चकाकीनें खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना, म्हणून तावदानें रंगविलीं. त्याबरोबर गवत मेलें. १९६६ सालीं तेथें कृत्रिम गवत आलें. ॲरोहेडवर प्रारंभीं कृत्रिमच गवत होतें. १९९४ सालीं तें काढून खरें लावण्यांत आलें. उघड्या आकाशाचा हा लाभ. उलट ॲरिझोनामधील ग्लेंडेल येथें २००६ सालीं जें क्रीडागृह उघडलें, त्याचें छप्पर सरकतें असून गवताचें सारें मैदानच एका अवाढव्य परातींतून बाहेर उन्हांत नेतां येतें. शास्त्रानें अडचणीवर मात केली खरी, पण ती पैशाच्या बळावर.

त्याच वर्षीं ४ एप्रिल रोजीं जॅक्सन काउंटींत मतदान झालें. प्रश्न दोन होते. दोन्ही क्रीडागृहांच्या नूतनीकरणासाठीं एक डॉलरच्या खरेदीवर तीन अष्टमांश सेंट विक्रीकर पंचवीस वर्षें द्यावा काय, हा पहिला. जुन्या कल्पनेंतील सरकत्या छपरासाठीं परराज्यांतून आणलेल्या मालावर आणखी एक कर बसवावा काय, हा दुसरा. छप्पर झालें तर २०१५ चा सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, येथें खेळविण्याचें आश्वासन होतें. मतदारांनीं पहिल्या प्रश्नास होकार दिला. दुसऱ्यास थोडक्या मतांनीं नकार. नूतनीकरण २०१० सालीं पुरें झालें. त्यास सुमारें ३७ कोटि ५० लक्ष डॉलर लागले. वावरण्याच्या वाटा रुंद झाल्या, शौचगृहें व खाद्यपेयांचीं दुकानें वाढलीं. अंतिम सामना मात्र दुसरीकडे गेला.

मतदारांनीं चूक केली काय? १३ जानेवारी २०२४ रोजीं तेथें सामना झाला तेव्हां उष्णतामान शून्याखालीं २० अंश सेल्सिअस होतें. हिमदंशामुळें कांहीं प्रेक्षकांचे अवयव पुढें कापावे लागले. छप्पर असतें तर हें टळलें असतें. परंतु त्याच उघड्या मैदानांत २०१४ सालीं प्रेक्षकांच्या आरोळीची १४२.२ डेसिबल अशी विक्रमी नोंद झाली, आणि थंडी सोसणें हा तेथील अनेकांस अभिमानाचा विषय वाटतो.

खरी गोम हिशेबांत आहे. संघाचे घरच्या मैदानावरील सामने वर्षाकाठीं दहाबारा. एवढ्या दिवसांसाठीं छप्पर कधींच परवडावयाचें नाहीं. तें परवडतें उरलेल्या साडेतीनशें दिवसांच्या जोरावर: गायनाचे जलसे, प्रदर्शनें, मेळावे, इतर खेळ. म्हणजे छप्पर हें खेळासाठीं नसून बिनखेळाच्या दिवसांसाठीं असतें. तेव्हां त्या दिवसांचें उत्पन्न कोणाच्या खिशांत जावयाचें, हें ठरल्यावांचून कराची मागणी करणें न्याय्य नव्हे.

२ एप्रिल २०२४ रोजीं पुन्हां मतदान झालें. तोच कर पुढें चाळीस वर्षें चालू ठेवावा व त्यांतून ॲरोहेडचें आणखी नूतनीकरण करावें, असा प्रस्ताव होता. संपूर्ण बंद छप्पर त्यांतही नव्हतें. शेजारच्या बेसबॉल संघाच्या नव्या मैदानाचा वादग्रस्त प्रश्नही त्यांत गुंतला होता. शेंकडा ५८ मतें विरुद्ध पडलीं. नंतर डिसेंबर २०२५ मध्यें संघानें जाहीर केलें कीं, भाडेपट्टा संपल्यावर २०३१ च्या हंगामापासून सीमेपलीकडील कॅन्सस राज्यांत सुमारें तीन अब्ज डॉलर खर्चाच्या, झांकलेल्या नव्या क्रीडागृहांत खेळावयाचें. त्यांतील शेंकडा साठपर्यंत वांटा सार्वजनिक रोख्यांतून उभा राहावयाचा आहे.

छपराची हौस अशा रीतीनें फिटेल, पण दुसऱ्या राज्याच्या पैशानें. जॅक्सन काउंटीनें पैसा वांचविला आणि संघ गमावला. कॅन्ससनें संघ मिळविला आणि ऋण पत्करलें. कोणाचा व्यवहार शहाणपणाचा, हें रोखे फिटतील तेव्हां कळेल. एवढें मात्र आजच सांगतां येतें: सार्वजनिक वास्तूवर छप्पर घालण्यापूर्वीं विचारावयाचा प्रश्न ‘पाऊस थांबेल काय’ हा नव्हे, तर ‘या छपराखालीं वर्षभर कोण बसणार, आणि त्याचें भाडें कोण घेणार’ हा होय. ज्या नागरिकांना हा प्रश्न मतपेटीपाशीं विचारावयास सांपडला, त्यांचें उत्तर बरोबर ठरो वा चूक, तें त्यांचें स्वतःचें होतें.