किम, युनजिन
किम, युनजिन : (७ नोव्हेंबर १९७३ – ). कोरियन-अमेरिकन चित्रपट व दूरचित्रवाणी अभिनेत्री. जन्म दक्षिण कोरियातील सोल येथे. बालपणीच ती कुटुंबासह अमेरिकेत गेली. बॉस्टन विद्यापीठात तिने नाट्यकलेचे शिक्षण घेतले. त्या काळी आशियाई वंशाच्या अभिनेत्रींना अमेरिकन पडद्यावर प्रमुख भूमिका क्वचितच मिळत. तिला ख्याती लाभली ती मायदेशात. कांग जे-ग्यू दिग्दर्शित शिरी (१९९९) या चित्रपटात तिने उत्तर कोरियाच्या हेर स्त्रीची भूमिका केली. या चित्रपटाने दक्षिण कोरियात टायटॅनिकचा प्रेक्षकसंख्येचा विक्रम मोडला.

लॉस्ट (२००४–१०) या अमेरिकन मालिकेसाठी तिची चाचणी दुसऱ्याच भूमिकेकरिता झाली होती. तथापि निर्मात्यांनी तिच्यासाठी ‘सन’ हे नवे पात्र निर्माण केले. पतीपासून आपले इंग्रजीचे ज्ञान लपविणाऱ्या या स्त्रीचे बरेचसे संवाद कोरियन भाषेत असून ते इंग्रजी उपशीर्षकांसह दाखविले गेले. आज्ञाधारक पत्नीचा रूढ साचा म्हणून प्रारंभी या पात्रावर टीका झाली. परंतु पुढे ते स्वतंत्र बाण्याचे होत गेले. ही घडण तिने संयत अभिनयाने साकार केली.

अमेरिकेत यश मिळाल्यावरही तिने कोरियन चित्रपट सोडले नाहीत. सेव्हन डेज (२००७) मधील अपहृत मुलीच्या वकील आईच्या भूमिकेबद्दल तिला ग्रँड बेल पुरस्कार मिळाला. हार्मनी (२०१०) व ओड टू माय फादर (२०१४) हे तिचे अन्य उल्लेखनीय चित्रपट होत. मिस्ट्रेसेस (२०१३–१६) या अमेरिकन मालिकेतही तिची प्रमुख भूमिका होती. दोन्ही देशांच्या पडद्यांवर, दोन भाषांत नायिका म्हणून स्थिरावलेल्या मोजक्या कलावंतांत तिची गणना होते.