डॉक्टरेट झालेल्या सिस्टर वॉर्डात कधी येणार?

साताऱ्यात किंवा सांगलीत नर्सिंगमधल्या कुणाशीही शिक्षणाविषयी बोलायला बसलं की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो : पीएच.डी. ऑनलाइन होते का? विचारणाऱ्या बहुतेकजणी तिशी-चाळिशीतल्या असतात. एम.एस्सी. नर्सिंग झालेलं असतं, मुलं शाळेत असतात, घरी सासू-सासरे असतात आणि नाइट ड्युटीची पाळी कुणाला चुकलेली नसते. मोबाइलवर जाहिराती येतात : घरबसल्या डॉक्टरेट, परदेशी विद्यापीठाची पदवी, फी हप्त्याहप्त्याने. हा प्रश्न त्यांच्यासाठी पैशांचा आणि आयुष्यातल्या पाच-सहा वर्षांचा आहे, म्हणून आधी सरळ उत्तर दिलेलं बरं. भारतात नर्सिंगची ऑनलाइन डॉक्टरेट नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या नियमांत दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने जे अभ्यासक्रम चालवता येत नाहीत, त्यांत नर्सिंग आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये आलेल्या पीएच.डी.च्या नियमांनी कुठल्याच विषयाची पीएच.डी. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने करता येणार नाही असं बजावलं. त्याच्या थोडं आधी, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, परदेशी संस्थांशी करार करून ऑनलाइन पीएच.डी. देऊ करणाऱ्या कंपन्यांपासून सावध राहा, असं आयोगाने आणि तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) मिळून जाहीर केलं होतं. म्हणजे हप्त्याने फी भरून घेतलेला तो कागद इथे नोकरीला किंवा बढतीला चालत नाही. एखाद्या सिस्टरने दागिने मोडून पैसे भरल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळावं, म्हणून हे पहिल्यांदा लिहिलं.

पण उत्तर एवढ्यावर संपत नाही. ऑनलाइन डॉक्टरेटची ही कल्पना ज्या देशातून आली तिथे ती खरी आहे, आणि तिथे तिचा अर्थ जाहिरातीतल्यापेक्षा फार वेगळा आहे. अमेरिकेत 1965 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने मिळून नर्स प्रॅक्टिशनरचं पहिलं शिक्षण सुरू केलं. खेड्यापाड्यांत मुलांना तपासायला डॉक्टर नव्हते, नर्स होत्या. त्यांना तपासणी, निदान आणि ठरावीक उपचार शिकवले, तर मुलांची हेळसांड थांबेल, इतका साधा विचार त्यामागे होता. पुढे या नर्सेसचं शिक्षण वाढत गेलं. 2001 मध्ये केंटकी विद्यापीठाने ‘डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस’, म्हणजे डीएनपी, ही पदवी सुरू केली. तिथे भूल देणाऱ्या नर्सच्या शिक्षणाला 2022 पासून प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकीला आता डॉक्टरेटच करावी लागते.

पीएच.डी. आणि डीएनपी यांत गल्लत होते, म्हणून थोडं सांगतो. पीएच.डी. नवं ज्ञान शोधते. डीएनपी असलेलं ज्ञान वॉर्डात उतरवते : ऑपरेशननंतरचा जंतुसंसर्ग कसा कमी करायचा, मधुमेहाचा पेशंट घरी गेल्यावर पुन्हा दाखल होऊ नये म्हणून काय बदलायचं. तिथली डीएनपी ऑनलाइन असते ती व्याख्यानांपुरती. बी.एस्सी.नंतर एकंदर किमान 1000 तास रुग्णसेवेचे भरावे लागतात, तेही एखाद्या अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली, खऱ्या पेशंटजवळ. शिवाय हातात तिथलं नर्सिंगचं लायसन्स लागतं. मिरजेत बसून ते तास भरता येत नाहीत. पडद्यावर शिकवता येतं तेवढं पडद्यावर आणि हाताने शिकायचं ते खाटेपाशी, अशी ती वाटणी आहे. मला त्या पदवीपेक्षा ही वाटणी घेण्याजोगी वाटते.

आणि ती आपल्याला परकीही नाही. इग्नूने 1994 मध्ये पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग सुरू केलं. जीएनएम होऊन नोकरीला लागलेल्या स्टाफ नर्सने पुस्तकं घरी वाचायची, असाइनमेंट लिहून पाठवायच्या आणि प्रात्यक्षिकं ठरवून दिलेल्या रुग्णालयात करायची. इंटरनेट घराघरांत पोचायच्या आधीची ही गोष्ट आहे. तेव्हा पोस्टाने जे जमलं ते आता व्हिडिओवर जमणार नाही असं नाही.

या दोन जिल्ह्यांतच हा विषय काढावा असं वाटण्याला कारण आहे. इथली नर्सिंगची परंपरा जुनी आहे, आणि ती कुणाच्या हाताखालची म्हणून सुरू झालेली नाही. सावित्रीबाई फुले यांचं जन्मगाव नायगाव सातारा जिल्ह्यातलं, आज खंडाळा तालुक्यात. शिक्षिका म्हणून त्यांचं नाव सगळे घेतात. पण 1897 च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणलं, त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या. साथीच्या रोग्याला हात लावायला घरची माणसं धजत नव्हती, तेव्हाचं हे काम आहे. नर्सिंगच्या वर्गात फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा धडा असतो, तो असावाच. साताऱ्याच्या मुलींना नायगावचाही शिकवावा.

त्याच काळात सांगली-मिरजेत दुसरी गोष्ट घडत होती. विल्यम वानलेस हे कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर 1889 मध्ये इकडे आले. आधी सांगलीला आणि मग मिरजेला त्यांनी काम सुरू केलं, आणि 1894 मध्ये मिरजेचं रुग्णालय उभं राहिलं. मिरजेत आजही लोक त्याला मिशन हॉस्पिटलच म्हणतात. कर्नाटकातून, कोकणातून, पार गोव्याकडून पेशंट रेल्वेने मिरजेला उतरू लागले, ते या दवाखान्यामुळे. पण शस्त्रक्रिया कितीही उत्तम झाली, तरी पुढचे पंधरा दिवस रोगी जगवायचा तर शिकलेल्या नर्स हव्यात, हे मिशनने ओळखलं आणि दवाखान्यातच मुलींना शिकवायला घेतलं. विधवा, टाकलेल्या, धर्मांतरित कुटुंबांतल्या मुली या शिक्षणाने पगारावर उभ्या राहिल्या. मिरज हे डॉक्टरांचं गाव म्हणून ओळखलं जातं. ते तितकंच सिस्टरांचंही गाव आहे, हे मात्र फारसं कुणी लिहीत नाही.

क्षयरोगाची गोष्ट तर नर्सिंगच्या बाजूने फारच बोलकी आहे. मिरज आणि सांगलीच्या मधली वानलेसवाडी आणि साताऱ्यातलं पाचगणी, दोन्ही ठिकाणी क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम झाली. पाचगणीचं बेल-एअर डॉ. बिलिमोरियांचं, पुढे ते रेडक्रॉसकडे आलं. स्ट्रेप्टोमायसीन 1940 च्या दशकात सापडलं. त्याआधी क्षयावर गुणकारी औषधच नव्हतं. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, वेळेवर सकस आहार, थुंकीची नीट विल्हेवाट, ताप आणि वजनाची रोजची नोंद, आणि महिनोन् महिने घरापासून तुटलेल्या माणसाला धीर देणं, हाच मुख्य उपचार होता. हे सगळं नर्सिंगचं काम आहे. एक आख्खा रोग जिथे औषधाविना, मुख्यतः शुश्रूषेच्या बळावर सांभाळला गेला, तिथल्या नर्सना ‘स्वतंत्रपणे निर्णय घेणं तुम्हाला कसं जमेल’ असं विचारण्यात काही अर्थ नाही.

आता आजचं. दिल्लीत 1992 मध्ये नर्सिंगची पीएच.डी. सुरू झाली. भारतीय परिचर्या परिषदेने पुढे बंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाबरोबर राष्ट्रीय पातळीवर तिची व्यवस्था लावली. आपल्याकडे कराडजवळ मलकापूरला कृष्णा विश्व विद्यापीठ आहे. त्याला 2005 मध्ये अभिमत दर्जा मिळाला आणि तिथे नर्सिंगच्या पदवीपासून पीएच.डी.पर्यंत सोय आहे. भारती विद्यापीठाचं नर्सिंग महाविद्यालय सांगलीत आहे. म्हणजे पाटणच्या किंवा जतच्या एखाद्या मुलीने एएनएमपासून सुरुवात केली, तरी घरापासून एसटीच्या अंतरावर राहून तिला शेवटची पायरी गाठता येते. आमच्या आयांच्या पिढीत हे कुणाच्या मनातही आलं नसतं.

नोकरी करणारीला अर्धवेळ पीएच.डी.ची वाट मोकळी आहे आणि ती कायदेशीर आहे. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणची एनओसी लागते, आणि घोडं अडतं ते इथेच. वॉर्डात आधीच माणसं कमी असतात. परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स आणि अतिदक्षता विभागात एका पेशंटमागे एक असा आहे. सरकारी वॉर्डात रात्री एकटी सिस्टर पंचवीस-तीस खाटा सांभाळताना दिसणं नवं नाही. तिथे कुणी अभ्यासाला सुट्टी मागितली की तिच्या ड्युट्या मैत्रिणींच्या अंगावर पडतात. एनओसी नाकारणाऱ्या मेट्रनबाई दुष्ट नसतात. त्यांच्या हातातलं ड्युटीचं वेळापत्रकच फाटकं असतं.

एनओसी मिळाली तर पुढे किमान 12 श्रेयांकांचं कोर्सवर्क, सिनॉप्सिस, एथिक्स कमिटी, दर सहामाहीला संशोधन समितीपुढे सादरीकरण. मुदत तीन ते सहा वर्षांची, पुनर्नोंदणीने आठ, आणि स्त्रियांना आणखी दोन. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांची रजाही नियमात आहे. हे नियम चांगले आहेत, पण अनेकींना ते माहीतच नसतात. मूल लहान आहे म्हणून नोंदणी सोडून दिल्याचं ऐकलं की जीव हळहळतो.

एवढं करून नावापुढे डॉक्टर लागलं, की सिस्टर जाते कुठे? वर्गात. माझी खरी तक्रार इथे आहे. सरकारी सेवेत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका ही चढण सेवाज्येष्ठतेची आहे. पीएच.डी. झालेल्या सिस्टरसाठी पेशंटजवळ, वॉर्डात, अशी जागाच नाही. मग ती प्राध्यापक होते किंवा प्राचार्य होते. नर्सिंग महाविद्यालयांना त्यांची गरज आहेच. पण जिने पाच वर्षं खाटेवरच्या जखमांचा अभ्यास केला, ती पुन्हा कधीच त्या जखमेजवळ जात नाही, हे नुकसान पेशंटचं आहे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरचं स्वतंत्र केडर असावं असं म्हटलं आहे. परिचर्या परिषदेने त्याच सुमारास अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम आणला, त्यात बहुतेक वेळ प्रत्यक्ष रुग्णसेवेचा आहे. अभ्यासक्रम झाला, पण त्या नावाचं पद आणि पगार जिल्हा रुग्णालयांपर्यंत आला नाही.

आणि अभ्यासाला विषय काही कमी नाहीत. दिवाळी झाली की साखर कारखाने पेटतील. रेठऱ्याचा कृष्णा, साखराळ्याचा राजारामबापू, कराडचा सह्याद्री, यांच्या शिवारांत बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतील. कोयत्यावर नवरा-बायको जोडीने नाव असतं, उचल आधीच घेतलेली असते. बाई सात महिन्यांची पोटुशी असली तरी पहाटे फडात असते. तपासणीला जायचं तर दिवस बुडतो आणि मुकादम खाडा लावतो. तिचं माता-बाल संरक्षण कार्ड कधी गावाकडच्या घरात राहिलेलं असतं, कधी कोपीत पावसाने भिजलेलं. इथली आरोग्यसेविका विचारते, लोहाच्या गोळ्या किती झाल्या, आधीचं बाळंतपण कसं झालं, हिमोग्लोबिन किती होतं. बाई म्हणते, तिकडच्या बाईंना ठाऊक. त्या तिकडच्या बाईंची नोंद इकडच्या बाईंपर्यंत कशी पोचवायची, फडावर संध्याकाळी जाऊन तपासणी केली तर खाडा वाचून बाळंतपणं सुखरूप होतात का, हा अभ्यास डीएनपीच्या जातीचा आहे. तो करायला कराड-वाळव्याच्या सिस्टरसारखं योग्य माणूस जगात दुसरीकडे मिळणार नाही.

तसाच महापुराचा. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, इशारा आणि धोक्याच्या खुणा केव्हाच बुडाल्या होत्या. डायलिसिसचे पेशंट, इन्शुलिनवरची माणसं, दिवस भरलेल्या बायका त्या आठवड्यात कशा सांभाळल्या गेल्या, हे सिस्टरांना तोंडपाठ आहे. कागदावर फार थोडं आहे. मार्च 2020 मध्ये इस्लामपूरच्या एका कुटुंबात कोरोना सापडला आणि मिरजेच्या शासकीय रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. राज्याला तेव्हा या रोगाची नीट ओळखही नव्हती. पीपीई किटमध्ये आठ तास पाणी न पिता काढलेल्या पाळ्यांचं ज्ञान अजून त्या सिस्टरांच्या डोक्यातच आहे.

हे ज्ञान कागदावर आणायला ऑनलाइन साधनांची मदत जरूर घ्यावी. संशोधनपद्धतीचे वर्ग स्वयम्‌वर आहेत, देशभरचे प्रबंध शोधगंगेवर फुकट वाचता येतात. कोर्सवर्क आणि गाइडच्या भेटी पडद्यावर करू द्याव्यात. जतहून कराडला एका सहीसाठी दिवस घालवायला लावू नये. विदा मात्र वॉर्डात आणि फडातच गोळा व्हावी, आणि ती ड्युटीच्या तासांत धरली जावी. जिल्हा रुग्णालयात, साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयापासून सुरुवात करून, डॉक्टरेट झालेल्या एका सिस्टरला अतिदक्षता विभागात किंवा प्रसूती विभागात पद द्यावं. त्याचा पगार प्राध्यापकाइतका असावा, आणि वॉर्डाच्या पद्धती बदलण्याचा अधिकार तिला लेखी मिळावा. प्रवेशासाठी धडपडणाऱ्या मैत्रिणींना एवढंच सांगणं : फी भरायच्या आधी विद्यापीठाचं नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत बघा, आपल्या विषयाच्या गाइडकडे जागा आहे का विचारा. प्राध्यापकाला आठच विद्यार्थी घेता येतात, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायकाला चार, तेव्हा जागा लवकर भरतात. आणि एनओसीचा अर्ज लेखी द्या, त्याची पोच घ्या.