पाठीवरची पिशवी, खांद्यावरची होडी

होडीत बसून माणूस पाण्यावरून जातो, हे आपल्याला ठाऊक आहे. पण पाणी संपलं की तीच होडी माणसाच्या खांद्यावर बसून जमिनीवरून जाते, असाही एक मुलूख आहे. अमेरिकेत अगदी उत्तरेला मिनेसोटा नावाचं राज्य आहे. त्याच्या कॅनडाला लागून असलेल्या सीमेवर ‘बाउंड्री वॉटर्स’ हे राखीव अरण्य पसरलं आहे. क्षेत्रफळ १० लाख एकरांहून अधिक आणि त्यात लहानमोठी हजारावर तळी. दोन तळ्यांच्या मध्ये खडकाळ जंगलाचे पट्टे. बहुतेक तळ्यांवर मोटारबोटीला मनाई आहे. प्रवास करायचा तो वल्ह्यानं, ‘कॅनू’ नावाच्या लांबट, हलक्या होडीतून. एक तळं संपलं की काठाला उतरायचं, होडी उलटी करून खांद्यावर घ्यायची, सामान पाठीला लावायचं आणि पायवाटेनं पुढचं तळं गाठायचं. या वाहून नेण्याला तिकडे ‘पोर्टेज’ म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच.

पोर्टेजचं अंतर मोजायचं माप आहे ‘रॉड’. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कॅनूची लांबी. नकाशावर तळ्यांच्या मध्ये ८०, १२०, २०० असे आकडे छापलेले असतात. दोनशे रॉड म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर.

आता एक साधा हिशोब करू. सामान इतकं आहे, की एका खेपेत नेता येत नाही. मग काय करावं लागतं? अर्धं सामान घेऊन पलीकडे जायचं, रिकाम्या हातानं परत यायचं, उरलेलं घेऊन पुन्हा जायचं. म्हणजे एक किलोमीटरची वाट तीन किलोमीटर होते. दिवसात अशी चार पोर्टेज असली, तर चारचे बारा होतात. त्यातले आठ किलोमीटर ओझ्याखाली, तेही दगडगोट्यांतून आणि चिखलातून. सामान एका खेपेत बसलं तर चाल एकतृतीयांश होते. हलक्या पिशवीची सगळी मातब्बरी या हिशोबात आहे. वजनाच्या काट्यावर वाचलेले ग्रॅम दिसतात. वाचलेली खेप पायांनाच कळते.

हा हिशोब तिथल्या लोकांना फार जुन्या काळापासून माहीत आहे. बर्च झाडाच्या सालीची होडी ही ओजिब्वे आणि त्यांच्या शेजारच्या आदिवासी समाजांची निर्मिती. वाहून नेता यावी इतकी हलकी, आणि फाटली तर जंगलातल्याच साहित्यानं दुरुस्त होणारी. अठराव्या शतकात फ्रेंच-कॅनेडियन नावाडी तिच्यातून बीव्हर या प्राण्याच्या कातड्यांचा व्यापार करत असत. कातड्यांचं एक गाठोडं ९० पौंडांचं, म्हणजे सुमारे ४१ किलोंचं. पोर्टेजवर एका गड्यानं एका वेळी दोन गाठोडी उचलायची, असा रिवाज होता. सुपीरियर सरोवराच्या काठचं ‘ग्रँड पोर्टेज’ तर साडेआठ मैलांचं! हर्निया हे या नावाड्यांचं नेहमीचं दुखणं होतं, यात नवल नाही. ओझं पेलण्यासाठी ते कपाळावरून एक रुंद पट्टा घेत. नेपाळ-दार्जिलिंगकडचे हमाल आजही तसाच पट्टा लावतात.

पुढे १८८२ साली मिनेसोटातल्याच डलूथ शहरात कामिल प्वारिए नावाच्या कारागिरानं कॅनव्हासच्या एका पिशवीचं पेटंट घेतलं. तिला खांद्याचे दोन पट्टे होते आणि कपाळाचा पट्टाही होता. ठेंगणी, रुंद, होडीच्या तळाशी आडवी बसणारी ही पिशवी ‘डलूथ पॅक’ म्हणून प्रसिद्ध झाली. आजही ती विकली जाते आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पण जाड कॅनव्हास आणि चामड्याचे पट्टे यांमुळे मोठ्या पिशवीचं रिकामं वजनच दोन किलोंच्या पुढे सहज जातं. भिजली की आणखी वाढतं.

माझा या सगळ्याशी संबंध आला तो माझ्या मुलीमुळे. ती आणि जावई मिनेसोटात राहतात आणि दर उन्हाळ्यात चार दिवस कॅनू घेऊन या तळ्यांवर जातात. मुलीच्या उजव्या खांद्याचं शस्त्रक्रियेपर्यंत गेलेलं दुखणं निघालं. बारा किलोंच्या वर पाठीवर घ्यायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद मिळाली. तळ्यांवर जाणं बंद करावं लागणार, म्हणून ती खट्टू झाली होती. त्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे होतो. मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस, यंत्रशास्त्राशी माझी ओळख नाही. शिवणयंत्राशी मात्र आहे. आमचे अब्बा शिंपी. ईद आणि दिवाळीच्या आधी दुकानात कामाची रीघ लागे आणि आम्हां भावंडांना पायडलवर बसावं लागे. तेव्हा मुलीला म्हटलं, विकतच्या पिशव्या राहू देत. तुझ्या पाठीचं माप दे, पिशवी आपण शिवू.

घरी हलकी पिशवी शिवायची कल्पना काही माझी नाही. रे जार्डिन या अमेरिकन गिर्यारोहकानं १९९० च्या दशकात पाठीवरचं ओझं कमी करण्याचा विचार पुस्तकांतून मांडला आणि सामान आपलं आपण शिवण्याचा आग्रह धरला. त्यांचा मुख्य मुद्दा असा, की बाजारातल्या पिशवीवर कप्पे, साखळ्या, बकलं आणि लोंबते पट्टे असतात, त्यातलं बरंचसं चालणाऱ्याच्या उपयोगाचं नसतं. कॅनूसाठी हा मुद्दा आणखी खरा आहे. लोंबता पट्टा झुडपात अडकतो. होडी उलटली तर पायातही अडकू शकतो. साखळीत वाळू गेली की ती बसलीच. म्हणून आम्ही पहिल्यांदा काय शिवायचं नाही, ते ठरवलं. बाहेरचे कप्पे नाहीत, साखळी नाही, आतला सांगाडा नाही.

मग आकार. होडीच्या मधोमध एक आडवी लाकडी पट्टी असते, तिला ‘योक’ म्हणतात. म्हणजे आपलं जू! होडी उलटी करून खांद्यावर घेतली की हे जू मानेच्या दोन्ही बाजूंना टेकतं. पाठीवर उंच पिशवी असली तर ती होडीला आपटते, मान वर करता येत नाही. पाण्यात असतानाही उंच सामान वारा धरतं आणि होडी डुलते. म्हणून पिशवी ठेंगणी हवी. आम्ही माप धरलं ५० सेंटिमीटर उंची, ३८ रुंदी आणि २२ खोली. आत साधारण ४२ लिटर सामान मावतं. तोंडाशी २० सेंटिमीटरची जादा पट्टी ठेवायची. ती तीनदा गुंडाळून दोन टोकं एका बकलात अडकवली की तोंड बंद.

कापड घेतलं २१० डेनियरचं रिपस्टॉप नायलॉन. डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप: ९,००० मीटर धागा जितके ग्रॅम भरेल, तितके डेनियर. रिपस्टॉपच्या विणीत ठरावीक अंतरावर जाड धागे टाकून बारीक चौकडा केलेला असतो. काटा लागून छिद्र पडलं तर ते पुढच्या जाड धाग्यापाशी अडतं. असं लेप दिलेलं कापड चौरस मीटरला साधारण १४० ग्रॅम भरतं. डलूथ पॅकचा कॅनव्हास पाचशेच्या आसपास भरतो. आमच्या पिशवीला सुमारे एक चौरस मीटर कापड लागतं. म्हणजे तीच पिशवी कॅनव्हासची केली असती, तर नुसतं कापडच अर्धा किलो झालं असतं. रंग मात्र भडक घ्यावा. पोर्टेजच्या काठी झाडाखाली ठेवलेली हिरवी पिशवी विसरली, तर परत येणं आलं.

कापताना पुढची बाजू, तळ आणि पाठ यांची एकच सलग लांब पट्टी काढली. बाजूचे दोन तुकडे वेगळे. त्यामुळे तळाला पुढे-मागे शिवण येत नाही. तळ खडकावर सर्वांत जास्त घासतो, म्हणून तिथे दुहेरी कापड दिलं. नायलॉनच्या कडेच्या दशा फार सुटतात. मेणबत्तीच्या ज्योतीजवळून कड झटकन फिरवली की टोकं वितळून बसतात. टाचण्या लावायच्या त्या शिवणीच्या आतल्या भागातच, कारण या कापडाला पडलेलं छिद्र बुजत नाही.

दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा ओलाव्यानं कुजतो. सुई १६ नंबरची, आणि टाका मोठा, एका सेंटिमीटरला तीन किंवा चार. बारीक टाका म्हणजे मजबूत शिवण, असा पुष्कळांचा समज असतो. इथे उलट होतं. टपालाच्या तिकिटाच्या कडेला जवळजवळ छिद्रं असतात, ती फाडायला सोपं जावं म्हणून. आपण शिवणीवर तशी छिद्रं पाडली तर कापड तिथेच फाटतं. शिवण दुहेरी घालावी: एकदा टीप मारून, कडा एकमेकींत दुमडून पुन्हा वरून टीप. जीन्सच्या पायाला असते तशी. यामुळे कच्ची कड झाकली जाते आणि ओढ दोन टिपांत वाटली जाते.

खरी परीक्षा खांद्याच्या पट्ट्यांची. भरलेली पिशवी माणूस एका पट्ट्याला धरून हिसक्यानं पाठीवर घेतो. त्या क्षणी वजनाच्या कितीतरी पट ओढ एका कोपऱ्यावर येते. कापड सहसा फाटत नाही, शिवण उसवते. अब्बा हे कायम सांगत. पट्ट्याचं टोक एका ओळीत टाचलं तर पहिला टाका तुटतो, मग दुसरा, आणि ओळ उकलत जाते. तोच पट्टा पाच सेंटिमीटर कापडावर आडवा झोपवून चौकट शिवली आणि आत फुली मारली, तर ओढ सगळ्या टाक्यांवर मिळून येते. त्याखाली जाड कापडाची पाठीच्या पूर्ण रुंदीची पट्टी द्यावी. तिची टोकं दोन्ही बाजूंच्या शिवणीत जाऊ द्यावीत, म्हणजे ओझं एका ठिकाणी न साठता शिवणींपर्यंत पसरतं. हे सगळं काम पिशवी बंद करण्याआधी, पाठ सपाट असतानाच करायचं. जाड थरांवरून जाताना पायडल न मारता चाक हातानं फिरवावं. सुई मोडत नाही.

पट्टे सहा सेंटिमीटर रुंद, आत पाणी न शोषणारा फोमचा पातळ थर. ज्याला होडीही उचलायची आहे त्याचे पट्टे खांद्यावर चपटे ठेवावेत, कारण त्यावर जू टेकणार असतं. पाठीसाठी वेगळी गादी शिवली नाही. झोपायची फोमची चटई घडी करून पाठीच्या बाजूला सरकवली, की तीच गादी. पुढे-मागे दोन मजबूत मुठी मात्र हव्यात. होडीतून पिशवी उचलायची ती मुठीनं, पट्ट्यानं नाही.

राहता राहिलं पाणी. होडीच्या तळाशी थोडं पाणी असतंच. पिशवी जलरोधक करायचा हट्ट धरू नये. सुईच्या हजारो छिद्रांतून पाणी शिरतं. त्यापेक्षा आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून तिचं तोंड पिळून बांधावं. कपडे कोरडे राहतात, आणि होडी उलटली तर आतल्या हवेमुळे सामान तरंगतं. बाहेरच्या पिशवीच्या तळकोपऱ्यात पाणी निथळायला एक छोटं छिद्र ठेवावं.

सगळं मिळून मुलीची पिशवी साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास झाली. जावयासाठी त्याच कापडाची आणखी लहान शिवली. दोघांचं चार दिवसांचं सामान साडेसतरा किलो. डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला त्या अरण्यात बंदीच आहे. त्यामुळे कोरडा शिधा कापडी पिशव्यांतून, आणि तो रोज कमी होत जातो. मुलीच्या पाठीवर साडेअकरा किलो, जावयाच्या पाठीवर सहा किलो आणि खांद्यावर केवलारची वीस किलोंची कॅनू. एका खेपेत सगळं पार. चौथ्या दिवशी मुलगी परतली ती पुढच्या वर्षीचा नकाशा मांडूनच बसली.

एक सावधगिरी सांगायला हवी. हलकी पिशवी हलक्या सामानासाठीच असते. तिच्यात लोखंडी तवा आणि वीस किलोंचा पसारा कोंबला, तर पट्टे खांद्यात रुततील आणि शिवणीही तक्रार करतील. तेव्हा आधी सामान वजन करून कमी करा, मगच त्या मापाची पिशवी शिवा. आणि शिवून झाली की लगेच निघू नका. नेणार असाल त्याच्या दीडपट वजनाच्या पाण्याच्या बाटल्या तिच्यात भरा, एका पट्ट्यानं तिला रात्रभर खुंटीला टांगा, आणि सकाळी दिव्यासमोर धरून प्रत्येक कोपरा बघा. टाक्यांची छिद्रं ताणून लांबट झालेली दिसली, तर ती जागा उसवून पुन्हा शिवा. घरात उसवलेली शिवण अर्ध्या तासाचं काम असते. दोनशे रॉडच्या पोर्टेजवर मधोमध उसवली, तर सामान हातात घेऊन चालावं लागतं.