मदरबोर्ड बदलला, परवान्याचं काय?

नवा मदरबोर्ड, नवा प्रोसेसर. जोडणी झाली, संगणक सुरू झाला आणि पडद्याच्या कोपऱ्यात ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ ही फिकट अक्षरं उमटली. विंडोज संगणकाला ओळखते ती त्याच्या सुट्या भागांवरून, आणि त्यात मोठं वजन मदरबोर्डचं. तो बदलला की तिच्या लेखी संगणकच दुसरा.

पुढचं सगळं परवान्याच्या प्रकारावर ठरतं. तयार लॅपटॉपसोबत आलेला ‘ओईएम’ परवाना त्या यंत्रापुरताच असतो. वेगळा विकत घेतलेला ‘रिटेल’ परवाना मात्र जुन्या संगणकावरून काढून नव्यावर नेता येतो. २०१६च्या अ‍ॅनिव्हर्सरी अपडेटपासून विंडोज १०चा डिजिटल परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडता येऊ लागला. म्हणून जुना संगणक उघडण्याआधीच त्यावर खात्याने लॉगिन करून ठेवावं. हे पाच मिनिटांचं काम बहुतेक जण विसरतात. नंतर ट्रबलशूटरमध्ये ‘हार्डवेअर नुकतंच बदललं’ हा पर्याय निवडायचा.

अ‍ॅडोबीचं गणित वेगळं. तिथे सॉफ्टवेअर एका वेळी दोन संगणकांवर सक्रिय ठेवता येतं. तिसऱ्यावर लॉगिन केलं की आधीच्यातून साइन आउट व्हावं लागतं.

अटी ग्राहकांच्या रेट्याने बदलतातही. २०१३च्या सुरुवातीला ऑफिस २०१३चा रिटेल परवाना पहिल्याच संगणकाला कायमचा बांधलेला होता. संगणक मोडीत निघाला, तर पैसेही बुडाले! ही अट उघड अन्यायाची होती. ओरड झाली आणि त्याच मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने दर ९० दिवसांतून एकदा परवाना दुसऱ्या संगणकावर नेण्याची मुभा दिली.