ज्येष्ठ नागरिकांसाठी श्वानाच्या जातीची निवड : नवी मुंबईच्या संदर्भात

प्रस्तावना :

सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली. त्यानंतरच्या दोन दशकांत वाशी, नेरूळ, बेलापूर येथे घर घेऊन आलेली तरुण जोडपी आज सत्तरीच्या आसपास वा त्यापुढे आहेत. मुले पुण्यास, बंगळूरला वा परदेशी गेलेली, जोडीदारांपैकी एक हयात नसलेला, आणि एकेकाळी अपुरे पडणारे घर आता मोठे वाटू लागलेले. अशा स्थितीत कुत्रा पाळण्याचा विचार पुढे येतो. पुष्कळदा तो मुलांनाच सुचतो आणि पिल्लू भेट म्हणून घरी येते. जातीची निवड मात्र रूपावरून होते. वजन, ओढ, हवामान आणि आयुर्मान यांचा हिशेब मागे राहतो. प्रस्तुत लेखात त्या हिशेबाचा विचार केला आहे.

लाभ आणि धोका :

अमेरिकेत एरिका फ्रीडमन व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हृदयविकाराच्या ९२ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेण्यात आला. प्राणी पाळणाऱ्या ५३ पैकी ३, तर न पाळणाऱ्या ३९ पैकी ११ रुग्ण दगावले. नमुना लहान होता आणि नंतरच्या सर्वच अभ्यासांनी त्यास दुजोरा दिलेला नाही. तथापि सोबतीचा लाभ पुढे करताना या अभ्यासाचा दाखला वारंवार दिला जातो. त्याच देशातील २०१९ च्या दुसऱ्या अभ्यासाचा उल्लेख त्या मानाने क्वचित होतो. साखळीने बांधलेल्या कुत्र्याला फिरवताना ६५ वर्षांवरील व्यक्तींना झालेल्या अस्थिभंगांची अंदाजित संख्या २००४ मध्ये १,६७१ होती. २०१७ मध्ये ती ४,३९६ झाली. त्यात स्त्रियांचे प्रमाण तीन-चतुर्थांशाहून अधिक होते आणि खुब्याचे हाड मोडण्याचे प्रसंग सर्वाधिक होते. उतारवयात खुब्याचा अस्थिभंग म्हणजे अनेकदा कायमचे परावलंबित्व होय.

वजन आणि ओढ :

लॅब्रॅडॉर स्वभावाने प्रेमळ असतो, यात वाद नाही. पण पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ३० किलोच्या घरात जाते. मांजर दिसताच त्याने घेतलेला एक हिसका पंचावन्न किलोच्या वृद्धेस पाडण्यास पुरेसा आहे. महाराष्ट्राची स्वतःची जात म्हणून अभिमानाने सांगितला जाणारा लातूर परिसरातील कारवानी कुत्रा शिकारीसाठी, मोकळ्या रानात धावण्यासाठी घडलेला आहे. त्याला सदनिकेत कोंडणे दोघांनाही जाचक ठरते. सिडकोच्या अनेक जुन्या इमारतींना उद्वाहन नाही. तिसऱ्या मजल्यावरून आजारी कुत्र्याला उचलून खाली नेता येईल काय, हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारावा. लांब पाठीच्या डॅशहुंडला मणक्याचे विकार जडण्याची शक्यता अधिक असल्याने त्याच्यासाठी रोजचे जिने हितावह नव्हेत.

लहान कुत्राही सर्वस्वी निर्धोक नसतो. तो पायात घोटाळतो. रात्री उठताना दिव्याचे बटण हाताशी असणे आणि गळपट्ट्याला घुंगरू बांधणे हे साधे उपाय उपयोगी पडतात.

हवामान :

पग ही जात २००३ च्या सुमारास मोबाइल सेवेच्या जाहिरातीमुळे घरोघर पोहोचली. वजन सहा ते आठ किलो, स्वभाव शांत. कागदावर ती ज्येष्ठांसाठी आदर्श ठरावी. परंतु कुत्रा अंगातील उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो, आणि चपट्या नाकाच्या जातींचा श्वसनमार्गच अरुंद असतो. खाडीकाठच्या दमट हवेत मे महिन्याच्या दुपारी हा दोष जिवावर बेतू शकतो. शिह त्झूच्या केसांची निगा रोज राखावी लागते; संधिवाताने आखडलेल्या बोटांना ते काम जड जाते.

या तुलनेत आपल्याकडे ज्याला सर्रास ‘पॉमेरेनियन’ म्हटले जाते तो भारतीय स्पिट्झ अधिक सोयीचा आहे. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ मधील टफी याच जातीचा होता. तो आटोपशीर असून येथील हवेस बऱ्यापैकी रुळलेला आहे. मात्र तो फार भुंकतो. ऐकू कमी येणाऱ्या व्यक्तीस ही सोय, शेजाऱ्यास ती तक्रार. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेस पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. तथापि नियम बाजूने असला म्हणून शेजारधर्म सुटत नाही.

वय : कुत्र्याचे आणि पालकाचे

जातीपेक्षाही निर्णायक प्रश्न वयाचा आहे. पिल्लू चावे घेते, आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यास लहानशी जखमही त्रासदायक होते. ते गुळगुळीत फरशीवर लघवी करते व रात्री जागवते. शिवाय लहान चणीचा कुत्रा चौदा वर्षे सहज जगतो. म्हणजे सत्तरीत आणलेले पिल्लू चौऱ्याऐंशीपर्यंत सांभाळावे लागेल. याउलट पाच-सहा वर्षांचा, निर्बीजीकरण व लसीकरण झालेला, ज्याचा स्वभाव आधीच कळला आहे असा कुत्रा, मग तो शांत वृत्तीचा गावठी का असेना, अधिक योग्य ठरतो. महाप्रस्थानात युधिष्ठिरामागून चालत गेलेल्या कुत्र्याची जात महाभारतकारांनी सांगितलेली नाही, हे येथे सहज आठवते.

पालकाच्या पश्चात कुत्र्याचे काय, हे आधी ठरवावे लागते. कुत्र्याच्या नावे मालमत्ता ठेवता येत नाही. त्याला स्वीकारणारी व्यक्ती शोधून, तिची संमती घेऊन, खर्चाची तरतूद तिच्याकडे करावी लागते. भेट देणाऱ्या मुलांनी पिल्लाची किंमत विचारण्याआधी, पुढे त्याला आपल्या घरी नेण्याची तयारी आहे काय, याचे उत्तर आई-वडिलांना द्यावयास हवे.