नाकारलेली किडनी

आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. चार तास मशीनवर, नंतर घरी दिवसभर निपचित. प्रतीक्षायादीत नाव घालून वर्षे झाली. ‘अमेरिकेत तर काढलेल्या किडन्याही टाकून देतात म्हणे,’ असे ते एकदा म्हणाले. मला ते खरे वाटले नाही. शोधले, तर खरे निघाले.

२००४ ते २०१४ या काळात अमेरिकेत मृत दात्यांकडून मिळालेल्या किडन्यांपैकी सुमारे १८ टक्के वापरल्याच गेल्या नाहीत. फ्रान्समध्ये हे प्रमाण ९ टक्के होते. तिथले दाते तरुण होते म्हणावे, तर उलट ते वयाने बरेच मोठे होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातले हे आकडे.

दाता साठीपुढचा, त्याला रक्तदाब किंवा मधुमेह, ही नकाराची कारणे असतातच. पण बर्फातल्या किडनीला वेळ मोजून मिळालेला असतो. एक रुग्णालय नाही म्हणते, दुसरे विचार करते, तिसरे ‘आधीच्यांनी का नाकारली?’ म्हणून बिचकते. तास सरतात आणि बरी असलेली किडनी खरोखरच बिघडू लागते. (साभार परत आलेली कविता निदान फडताळात टिकते!) शिवाय केंद्राची पारख बराच काळ प्रत्यारोपणानंतरच्या यशावरूनच होत असे. यादीतच दगावलेला रुग्ण त्या आकड्यात दिसत नसे.

यावर उपाय निघाले. जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया हे देश ज्या युरोट्रान्सप्लांट संस्थेत आहेत, तिने १९९९ साली पासष्टीपुढच्या दात्याची किडनी जवळपासच्याच पासष्टीपुढच्या रुग्णाला द्यायला सुरुवात केली. ऊतींच्या जुळणीसाठी थांबायचे नाही, रक्तगट पाहायचा आणि वेळ वाचवायचा. ब्रिटनने २०१२ साली अनेकांनी नाकारलेली किडनी सर्व इच्छुक केंद्रांना एकाच वेळी देऊ करण्याची सोय केली. किडनी नुसती बर्फात न ठेवता पंपाने तिच्यातून थंड द्रव खेळवला, तर ती उशिरा सुरू होण्याचे प्रमाण घटते, हे २००९ च्या युरोपीय चाचणीत दिसले.

अशी किडनी तरुण दात्याच्या किडनीइतकी वर्षे चालत नाही. पस्तिशीच्या रुग्णाला ती द्यावी, हे मलाही सहज पटणार नाही. पण चाचा सत्तरीचे आहेत. त्यांना विचारले, ‘पासष्टीच्या माणसाची चालेल?’

‘अरे,’ ते म्हणाले, ‘माझ्या तरी कुठे विशीच्या आहेत!’